मोबाईलमधल्या फोटोंची अमानत

पालक सभेला येणाऱ्या माता हल्ली मुलांच्या गुणांइतक्याच काळजीने आणखी एक गोष्ट विचारतात. ‘मॅडम, मोबाईल भरला म्हणून सारखं दाखवतं. फोटो डिलीट करायला मन होत नाही. कुठे ठेवू?’ मी उर्दू आणि मराठीची शिक्षिका. संगणक माझा विषय नव्हे. पण यू-डायस आणि सरलच्या नोंदी भरता भरता आजकाल प्रत्येक शिक्षकाला तार, पोर्ट आणि फोल्डर यांच्याशी दोस्ती करावीच लागते. त्या दोस्तीतून जे कळले ते इथे सांगते.

आळंदीत, देहू फाट्याच्या पुढे आणि मरकळ रोडच्या बाजूला राहणारी आपली पुष्कळ कुटुंबे चाकण-भोसरीच्या कारखान्यांमुळे इथे आलेली आहेत. कुणी बीडचे, कुणी लातूरचे, कुणी सोलापूरकडचे. गावच्या घरात लोखंडी पेटी असते, तिच्यात अल्बम असतो, भिंतीवर दादाजानांचा फोटो असतो. इथल्या भाड्याच्या खोलीत पेटी नाही आणि अल्बमही नाही. मुलीचा अकीका, मुलाचा पहिला रोजा, नणंदेचा निकाह, अम्मीचा शेवटचा रमजान, सगळे एका फोनमध्ये. तोच फोन रोज शिफ्टला जातो, कंपनीच्या गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावून घेतो, बसच्या गर्दीत लोंबकळतो आणि पालखी प्रस्थानाच्या दिवशी लाखभर माणसांच्या रेट्यात खिशात असतो. इतक्या मोलाची वस्तू आपण दुसरीकडे कुठेही अशी ठेवत नाही.

फोटो काढावा की काढू नये, किती काढावेत, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि तो निवाडा करणे माझे काम नाही. पण पासपोर्ट, हजचा अर्ज, शिष्यवृत्ती, शाळेचा दाखला यांच्यासाठी फोटो प्रत्येक घराला लागतोच. शिवाय आज फोनमध्ये चेहऱ्यांपेक्षा कागदांचे फोटो जास्त असतात. रेशनकार्ड, निकाहनामा, पगाराची चिठ्ठी, डॉक्टरांचा कागद. ते जपण्याबद्दल तरी कुणाचे दुमत नसावे.

फोटो नक्की आहेत कुठे?

बहुतेक भगिनी सांगतात, ‘गुगलमध्ये आहेत ना.’ असतीलही. पण आधी ते तपासा. गुगल फोटोज उघडा, वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, बॅकअप चालू आहे की बंद ते तिथे दिसते. १ जून २०२१ पासून तिथे फोटो अमर्याद फुकट ठेवता येत नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून १५ जीबी जागा मिळते. ती भरली की नवे फोटो वर जाणे थांबते. आपल्याला वाटत राहते की सगळे सुरक्षित आहे, आणि शेवटचे दीड वर्ष फक्त फोनमध्येच असते. आयफोनवाल्यांना आयक्लाउडमध्ये फुकट जागा त्याहून कमी, ५ जीबी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. गुगल फोटोजमधून एखादा फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही जातो. पुष्कळ जणींना वाटते की फोनमधला पुसला तरी वरचा राहील. फक्त फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी त्याच ॲपमध्ये वेगळी सोय आहे, ‘या डिव्हाइसवरील जागा मोकळी करा’ अशी. चुकून पुसलेला फोटो कचरापेटीत काही दिवस राहतो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३०. त्यानंतर मात्र काही इलाज नाही.

म्हणून स्वतःच्या ताब्यातली एक प्रत हवी. संगणक असेल तर संगणकावर, नसेल तर पेनड्राइव्हवर.

तार जोडण्याआधी

आधी तार पाहा. स्वस्त चार्जिंगच्या काही तारांमध्ये वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन नसतातच. अशा तारेने फोन चार्ज होतो, संगणकाला मात्र तो दिसत नाही. मग बिचाऱ्या संगणकाला दोष दिला जातो. फोनबरोबर डब्यात आलेली तार बहुधा चालते.

तार जोडली की फोनचे कुलूप उघडा. बंद फोनमधले काहीही संगणकाला दिसत नाही, आणि तेच योग्य आहे. आता फोनच्या वरच्या कडेपासून बोट खाली ओढा. तिथे ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे’ अशा अर्थाची सूचना असते. तिच्यावर बोट ठेवले की पर्याय उघडतात, त्यातला ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. फोन आपण होऊन फक्त चार्जिंगवर राहतो. दहातल्या नऊ अडचणी याच एका पायरीवर असतात. मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या घरी हे करून दिले, तिथे मुलांनी तार चार वेळा काढून घातलेली असायची आणि ही सूचना कुणी वाचलेली नसायची.

संगणकावर ‘धिस पीसी’ उघडा. फोनचे नाव दिसेल. त्यात अंतर्गत साठवण, त्यात ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर आणि त्यात ‘कॅमेरा’. हे विचित्र नाव फोनवाल्यांनी काढलेले नाही. १९९८ मध्ये जपानमधल्या उद्योग संघटनेने डिजिटल कॅमेऱ्यांसाठी फाइली कशा ठेवायच्या याचा नियम केला, त्यातले हे नाव आहे. म्हणूनच जुना कॅमेरा असो, आजचा फोन असो किंवा मेमरी कार्ड असो, फोटो शोधायचे ते याच नावाच्या फोल्डरमध्ये.

व्हॉट्सॲपवर आलेले फोटो तिथे नसतात. त्यांच्यासाठी ‘अँड्रॉइड’ फोल्डर उघडा, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचे फोल्डर, त्यात पुन्हा व्हॉट्सॲप आणि पुन्हा मीडिया. रस्ता लांब आहे, पण तिथे फोटो, व्हिडिओ आणि आवाजाच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवलेल्या सापडतात. आवाजाच्या नोंदी विसरू नका. त्याबद्दल पुढे सांगते.

निवडा आणि ‘कॉपी’ करा. ‘कट’ करू नका. कट केल्यावर मधेच तार हलली तर काही फोटो इकडचेही राहत नाहीत आणि तिकडचेही नाहीत. हजारो फोटो एकदम ओढले तर संगणक अडखळतो, म्हणून चारशे-पाचशेच्या गटाने घ्या. झाल्यावर दोन्हीकडची संख्या जुळवा, इथले-तिथले पाच-सात फोटो प्रत्यक्ष उघडून पाहा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. त्यानंतरच फोनमधून पुसायचा विचार करा.

आयफोन असेल तर तार जोडल्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे तो विचारतो. होकार देऊन पासकोड टाकावा लागतो. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्या प्रकारात ठेवतो, तो जुन्या संगणकांवर उघडत नाही. सेटिंगमध्ये फोटोजच्या पानावर अगदी खाली संगणकावर पाठवण्याचा पर्याय असतो, तिथे ‘ऑटोमॅटिक’ ठेवले की संगणकाला नेहमीचा जेपीजी फोटो मिळतो. आणि ज्यांनी जागा वाचवण्याची सोय चालू ठेवली आहे त्यांच्या फोनमध्ये मूळ फोटो नसतोच, तो आयक्लाउडमध्ये असतो. तारेने तो येणार नाही.

तार नकोच असेल तर वायफायवरून क्विक शेअर आहे. आधी त्याचे नाव निअरबाय शेअर होते, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या सोयीशी त्याचे एकत्रीकरण झाले. विंडोजच्या संगणकावरही ते टाकता येते. दहा-वीस फोटोंसाठी उत्तम. ब्लूटूथच्या नादी मात्र लागू नका. एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर पाच हजार फोटो २० जीबी होतात. साध्या यूएसबी तारेने त्यांना पंधरा-वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो, ब्लूटूथने जवळपास एक दिवस आणि एक रात्र.

व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवण्याची सवय

‘मी सगळे फोटो भाभीला पाठवून ठेवलेत’ असे सांगणाऱ्या भगिनी भेटतात. पाठवणे चांगले, पण ते जपणे नव्हे. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो लहान करते. १२ मेगापिक्सेलचा फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर पलीकडे साधारण २ मेगापिक्सेलचा पोहोचतो. फोनवर फरक दिसत नाही. अल्बमसाठी मोठा छापायला दिला की दिसतो, चेहरे पिठासारखे होतात. शिवाय मूळ फोटोच्या पोटात तो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने काढला याची नोंद असते. पाठवताना ती नोंदही गळून पडते. दहा वर्षांनी ‘ही ईद कुठली’ हा वाद घरात होतो तो यामुळेच. पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा जातो.

उलट, काही वेळा ही नोंद गळणे चांगले असते. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोत घराचा नेमका ठिकाणाही नोंदला जातो. अनोळखी माणसाला मूळ फाइल देताना हे लक्षात असावे.

संगणक नाही, मग?

आपल्यातल्या अनेक घरांत संगणक नाही आणि त्यासाठी तो घ्यायचीही गरज नाही. दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो. एक तोंड फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारे, दुसरे संगणकात बसणारे. दुकानात ओटीजी पेनड्राइव्ह म्हणून मागायचा. फोनला लावला की फोनमधल्या फाइल्स ॲपमध्ये तो दिसतो, फोटो निवडायचे आणि त्यात कॉपी करायचे. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये पंधरा हजारांच्या आसपास फोटो मावतात. निकाहचा लांबलचक व्हिडिओ जात नसेल तर पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. कोरा असतानाच तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा.

या एका वस्तूमुळे आणखी एक मोठा प्रश्न सुटतो, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोटो काढून घेण्यासाठी आपल्या मुली-सुना फोन घेऊन मोबाईलच्या दुकानात जातात. दुकानदार आपल्या संगणकाला तार लावतो, सगळे फोटो आधी त्याच्या संगणकावर घेतो, मग पेनड्राइव्हमध्ये टाकतो आणि आपल्यासमोर त्याच्याकडची प्रत पुसतो. पुसलेले रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. तिथूनही काढले तरी त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ते परत मिळवता येते. दुकानदार भला माणूस असेल, बहुतेक असतातच. पण त्याच संगणकावर दिवसभर कोण कोण बसते हे त्यालाही ठाऊक नसते. घरात ओढणीशिवाय सहज काढलेला मुलीचा फोटो कुणाच्या डोळ्यांसमोर जावा हे ठरवण्याचा हक्क त्या मुलीचा आहे.

ही भीती अवाजवी नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर ‘लिलावा’ला मांडण्याचा घाणेरडा प्रकार देशाने पाहिला. ते फोटो समाजमाध्यमांवरून उचललेले होते, कुणाच्या फोनमधून चोरलेले नव्हते. तरीही त्या स्त्रियांनी काय सोसले ते वाचल्यावर कुणीही आपले फोटो परक्या संगणकावर निष्काळजीपणे सोडणार नाही. मुलींना मात्र याचा अर्थ ‘फोनच नको’ असा सांगू नका. कामाची रीत शिकवा.

दुरुस्तीला फोन देतानाही हेच. आधी फोटो काढून घ्या. पॅटर्न चिठ्ठीवर लिहून देऊ नका. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो. तो चालू केला की दुरुस्ती करणाऱ्याला फोन वापरता येतो, आपले फोटो आणि निरोप मात्र दिसत नाहीत.

तिसरीतल्या मुलाला माहीत असलेला पॅटर्न

आमच्या भागातल्या एका कुटुंबाचे सांगते, नावे सांगण्याचे कारण नाही. घरधनी चाकणजवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होते. थोड्याच दिवसांच्या आजारात त्यांचा इंतकाल झाला. इद्दत संपल्यावर मुलाच्या कागदपत्रांसाठी त्याची अम्मी शाळेत आली, तेव्हा तिने पर्समधून नवऱ्याचा फोन काढला. काच तडकलेली, स्क्रीनवर उभ्या हिरव्या रेषा, खालच्या अर्ध्या भागाला बोट लागत नव्हते. एका दुकानात तिला सांगितले होते, ‘रिसेट मारून देतो, नव्यासारखा होईल.’ रिसेट म्हणजे आतले सगळे पुसणे, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आजच्या फोनमधली साठवण सांकेतिक कुलपात असते. एकदा पुसली, किंवा पॅटर्न कुणालाच ठाऊक नसला, की आतली चिप काढून दुसरीकडे वाचण्याचाही उपयोग होत नाही.

पॅटर्न तिला ठाऊक नव्हता. तिसरीतल्या मुलाला होता. गेम खेळायला अब्बू त्याच्याच हाती फोन द्यायचे.

बोट चालत नव्हते म्हणून चार तोंडांचा छोटा यूएसबी हब ओटीजीच्या जोडणीने फोनला लावला. एका तोंडात माउस, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. फोनच्या पडद्यावर माउसचा बाण दिसतो हे पाहून मुलाला हसू आले. त्याने माउसनेच पॅटर्न काढला. दुपारभर कॉपी चालली. नऊ हजारांवर फाइली निघाल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘जुमा मुबारक’च्या.

आणि त्या ढिगात पगाराच्या चिठ्ठीचा एक फोटो होता. कंत्राटदार बदललेला होता, आधीच्याचा फोन लागत नव्हता आणि घरात भविष्यनिर्वाह निधीचा एकही कागद नव्हता. चिठ्ठीवर १२ अंकी यूएएन स्पष्ट दिसत होता. पुढचे सगळे त्या क्रमांकावर अवलंबून असते. कामगाराच्या मृत्यूनंतर निधीच्या रकमेसाठी फॉर्म २०, विधवा आणि मुलांच्या निवृत्तिवेतनासाठी फॉर्म १०-डी आणि विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ भरायचा असतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआय योजनेत कमाल ७ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळी कपात होत नाही. कंत्राटी कामगारांनाही तो लागू आहे. हे आपल्या वस्त्यांमध्ये फार थोड्यांना माहीत असते, म्हणून विषय सोडूनही इथे लिहिले. आज संध्याकाळीच नवऱ्याच्या, मुलाच्या पगारचिठ्ठीचा फोटो आपल्या फोनमध्ये घेऊन ठेवा.

व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये आवाजाच्या नोंदी होत्या. दहा-दहा सेकंदांच्या. ‘शिफ्ट सुटली, निघालो.’ ‘दूध आणू का?’ तिने त्या अजून ऐकलेल्या नाहीत. मुलगा मोठा झाल्यावर ऐकेल म्हणाली, आणि दोन प्रती करायला सांगितल्या.

मयताच्या फोनबाबत घाई का करावी लागते तेही कळून असावे. रिचार्ज थांबला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच कुणाला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवस न वापरल्यास साधारणपणे बंद केले जाते. गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते फोटोंसकट पुसले जाऊ शकते. हयातीतच करून ठेवायची एक सोय आहे. गुगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ शोधा. आपण इतके महिने खाते वापरले नाही तर अमुक व्यक्तीला आपले फोटो मिळावेत, असे तिथे नोंदवता येते. वसीयत लिहून ठेवणाऱ्या समाजाला हे काही नवे वाटू नये.

आणल्यावर ठेवायचे कसे?

संगणकावर ‘फोटो’, ‘नवीन फोटो’, ‘फोटो २’, ‘ईद’ अशी फोल्डरे करू नका. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग लिहा. ‘२०२४-०६-१७ बकरी ईद’, ‘२०२५-०३-३१ ईदुल फित्र’. असे लिहिले की संगणक ती आपोआप ओळीने लावतो. आपल्या सणांच्या बाबतीत नुसते वर्ष लिहूनही भागत नाही. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. २००० साली ईदुल फित्र जानेवारीत आली आणि पुन्हा डिसेंबरात आली. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. ‘रमजान २०३०’ लिहिले तर कुठला, हे तुमच्या नातवंडांना कसे कळणार?

प्रती दोन तरी हव्यात, तीन असल्या तर बरे. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक सोपा हिशेब रूढ केला आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्यासाठी दुसरे गाव शोधायला जायला नको, ते आहेच. सुट्टीत गावी जाताना एक पेनड्राइव्ह घेऊन जा आणि अम्मीच्या कपाटात, घराच्या कागदांबरोबर ठेवा. परत येताना मागच्या वर्षीचा घेऊन या आणि त्यात नवे भरा. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे नुसता पडू देऊ नये, वर्षातून एकदा उघडून पाहावा. फोटो खाजगी असतील तर सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामने पासवर्ड घालून ठेवता येतात. तो पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असला पाहिजे.

दुसऱ्या गावाचे महत्त्व कोकणातल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. त्याआधी २६ जुलै २००५ चा पूर होताच. भांडीकुंडी पुन्हा घेता आली, अल्बम नाही. इथे एक जुना उपाय सांगण्यासारखा आहे. भिजलेले, एकमेकांना चिकटलेले स्टुडिओचे जुने फोटो वाळल्यावर सोलू नका, चेहरेच निघून येतात. ते स्वच्छ थंड पाण्यात ठेवा, हळूहळू सुटे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोंना मात्र हा उपाय चालत नाही, त्यांचा रंगच धुऊन जातो.

मोबाईलचे फोटो आणून झाले की त्याच बैठकीत पेटीतले जुने फोटोही घ्या. खिडकीजवळ, उन्हाची थेट तिरीप न येईल अशा जागी, फ्लॅश बंद ठेवून, फोन अगदी सरळ वर धरून टिपा. काच असलेल्या फ्रेममधला फोटो शक्य असेल तर काढूनच घ्यावा.

प्रत्येक चेहऱ्याचे नाव लिहा. शाळांमधून आपण फातिमा शेख यांचे जे चित्र लावतो ते सावित्रीबाईंबरोबरच्या एका जुन्या छायाचित्रातून घेतलेले आहे, आणि ते छायाचित्र एका जुन्या निगेटिव्हमुळे आपल्यापर्यंत आले. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमेचे नाव आहे, पण छायाचित्रातली स्त्री तीच का, याची चर्चा अभ्यासकांत आजही होते. आपल्या घरातल्या फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी दादी अजून असेल तर ती बसलेली असतानाच लिहून घ्या. तिचे सांगणे फोनवर रेकॉर्ड केले तरी चालेल, फक्त ती फाइल त्या फोटोशेजारीच ठेवा.

आणि फोटो उलटा करून मागची बाजूही टिपा. आमच्या पिढीच्या आजोबांनी फोटोमागे उर्दूत लिहिलेले असते, तेही घाईच्या, मोडक्या, नुक्ते गाळलेल्या हस्ताक्षरात. कुणाचा निकाह, कुठले गाव, कुठली तारीख, कधी हिजरी तर कधी इंग्रजी. मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ते वाचता येत नाही. घरात उर्दू वाचणारा जो कोणी शेवटचा असेल त्याच्याकडून ते वाचून घ्या आणि खाली मराठीत टाइप करा. वाचता न आलेला शब्द असेल तर तिथे रिकामी जागा सोडा, अंदाजाने भरू नका. गावच्या मशिदीतले मौलाना किंवा जवळच्या उर्दू शाळेतले शिक्षक तो शब्द लावून देतात. मागच्या बाजूच्या चित्राला पुढच्या बाजूचेच नाव द्या आणि शेवटी ‘मागे’ एवढे जोडा, म्हणजे दोन्ही फाइली शेजारी राहतील.